एकोणीस-वीसचा फरक नक्की कुणाला कळतो?

मोजपट्टी (धागाकर्ता)

आपण सर्रास म्हणतो, "दोन्ही सारखेच हो, एकोणीस-वीस इकडेतिकडे." म्हणजे फरक आहे, पण मनावर घेण्यासारखा नाही. परवा सहज डोक्यात आलं की एकोणीस आणि वीस म्हणजे विसात एक, म्हणजे चक्क ५ टक्के. हे ५ टक्के खरंच कळत नाहीत का? आणि कळत असतील तर कुणाला? हाताला, कानाला, डोळ्याला की जिभेला?

हा प्रश्न जुना निघाला. जर्मनीत लाइपझिगला एर्न्स्ट हाइनरिक वेबर नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी माणसांच्या हातात वजनं देऊन हेच तपासलं आणि १८३४ मध्ये छापलं. वजन उचलून तोलायची मुभा असेल तर साधारण चाळिसात एकाचा फरक कळतो. हात टेबलावर निवांत ठेवून त्यावर नुसतं वजन ठेवलं तर तिसात एकाचा. फरक किती ग्रॅमचा आहे यावर ते ठरत नाही, मुळात किती वजन आहे त्याच्या प्रमाणात ठरतं. १ किलोत २५ ग्रॅम कळत असतील तर ४ किलोंत १०० लागतील.

म्हणजे हाताला एकोणीस-वीस आरामात कळायला हवा. जिभेचं उलटं. खारट चवीसाठी जे आकडे सहसा दिले जातात ते ८ टक्क्यांच्या आसपास आहेत. तेव्हा ही म्हण जिभेपुरती खरी आणि हातापुरती खोटी!

आता खरी गंमत. नुसतं वाचून राहवेना म्हणून दोन एकसारख्या, आतलं न दिसणाऱ्या बाटल्या घेतल्या. वाळू भरून घरातल्या डिजिटल काट्यावर एक ५०० ग्रॅम केली, दुसरी ५०५. म्हणजे फक्त १ टक्का, वेबरच्या हिशोबाने न कळणारा. लेक नाणं उडवून ठरवणार कुठली डावीकडे, मी डोळे मिटून एकाच हाताने आधी डावी, मग उजवी उचलणार आणि जड कुठली ते सांगणार. "माहीत नाही" म्हणायला बंदी. माहीत नसेल तर ठोकून द्यायचं, पण "हे ठोकून दिलं" असं वहीत लिहायचं.

४० खेपा केल्या. २३ वेळा काहीतरी वाटलं म्हणून बोललो, त्यात १६ बरोबर. उरलेल्या १७ वेळा अक्षरशः काहीही कळलं नाही. दोन्ही बाटल्या म्हणजे एकच बाटली दोनदा उचलल्यासारखी. ते १७ ठोकताळे तपासले तर ११ बरोबर!

मला न कळलेला फरक माझ्या हाताला कळला का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अर्धविराम

मस्त धागा. वाखू (वाचनखूण) साठवली.

मी नवीन चष्मा घेतला, चौकोनीचा गोल झाला, तरी घरात तीन दिवस कुणाला पत्ता नाही. हा किती टक्क्यांचा फरक धरायचा?

मोजपट्टी

@अर्धविराम, ते इंद्रियांचं नाही, लक्षाचं प्रकरण आहे. दोन चष्मे शेजारी ठेवून विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. इथे आपण माणूस पूर्ण लक्ष देऊन बसलाय असं गृहीत धरतोय. (सांत्वन म्हणून घ्या.)

शंकासुर

धागा छान, पण १७ पैकी ११ वर उड्या मारू नका. नाणं १७ वेळा उडवलं तर ११ किंवा जास्त वेळा छापा पडायची शक्यता साधारण १७ टक्के आहे. म्हणजे सहात एकदा हे असंच होणार. फासा टाकला आणि सहा पडला म्हणून कुणी "माझ्या हाताला कळलं" म्हणत नाही.

कानसेन

कानाचं मी सांगतो, तेवढ्यापुरता अधिकार आहे.

आवाजाच्या पातळीत साधारण १ डेसिबलचा फरक कळतो, अगदी शांततेत आणि सराव असेल तर त्याहून थोडा कमी. स्वराच्या उंचीत मात्र कान फार तिखट आहे. १००० हर्ट्झ आणि १००३ हर्ट्झ एकापाठोपाठ ऐकवले तर बऱ्याच जणांना वेगळे लागतात. हा १ टक्क्याचाही तिसरा हिस्सा झाला. तयार कान याच्याही खाली जातो.

पण वाद्य जुळवणारे लोक याहून बारीक जुळवतात आणि ते कसं, हे मला फार आवडतं. एक तार ४४० हर्ट्झला आहे आणि दुसरी ४४१ ला. एकामागून एक छेडल्या तर फरक सांगताना भलेभले गडबडतील. दोन्ही एकत्र छेडा. आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो, वाँव... वाँव... वाँव. खुंटी किंचित पिळली की हे हेलकावे लांबतात. दोन सेकंदांना एक, पाच सेकंदांना एक, मग इतके संथ की तार विझेपर्यंत एकही पुरा होत नाही. तिथे थांबायचं. म्हणजे आपण स्वरातला फरक ऐकतच नाही, त्याचं रूपांतर करून भलतंच काहीतरी ऐकतो. जो फरक एका वाटेने कळत नाही तो दुसऱ्या वाटेने कळतो.

दोन कानांचं आणखी अचाट आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे ओळखायला मेंदू दोन कानांपर्यंत आवाज पोचण्यातला वेळेचा फरक वापरतो. उत्तम परिस्थितीत हा फरक १० मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंत कळतो. आपल्याला मात्र "आधी-नंतर" असं काही जाणवत नाही, नुसतं "डावीकडे" एवढंच जाणवतं.

फिटर_दादा

वाचून हात शिवशिवले. चौतीस वर्षं लेथ आणि बेंचवर काढली आहेत.

आमच्याकडे दोन भाग जोडल्यावर सांध्यावर पायरी राहिली का, हे आधी बोटाने बघतात, गेज नंतर. बोट नुसतं ठेवून काही कळत नाही, फिरवावं लागतं. नख आडवं ओढलं की दोन-तीन शतांश मिलिमीटरची पायरीसुद्धा नख अडकवते. माणसाचा केस साधारण सात शतांश धरा. नवीन पोरं बोट दाबून बघतात, त्यांना सांगावं लागतं, दाबू नको, जाऊ दे बोट.

पाठीचा मात्र काही भरवसा नाही. कर्कटकाची दोन टोकं बोटाच्या पेराला दोन-तीन मिलिमीटरवरसुद्धा दोन लागतात. पाठीला ती चार सेंटीमीटर लांब ठेवली तरी एकच वाटतात. हेही त्या वेबरनेच आधी मोजलं होतं असं पोराने शोधून सांगितलं.

धागाकर्ते, एक सूचना. उचलताना तुमचा क्रम ठरलेला आहे, आधी डावी मग उजवी. वजन तोलताना दुसरं उचललेलं बहुतेकांना जड वाटतं, तिथे फसाल. क्रमही नाण्याने ठरवा. आणि दोन्ही बाटल्या एकाच आकाराच्या घेतल्यात हे फार बरं केलंत. सारख्या वजनाचा मोठा डबा आणि लहान डबा दिला तर लहान डबा जड लागतो. काट्यावर ठेवून दाखवलं तरी परत उचलल्यावर लहानच जड लागतो.

मोजपट्टी

@फिटर_दादा, दंडवत. क्रमाचं डोक्यातच आलं नव्हतं, आजपासून बदलतो.

बोट फिरवण्यावरून, स्टॉकहोममध्ये २०१३ साली एक प्रयोग झाला होता. पृष्ठभागावर अतिसूक्ष्म सुरकुत्या पाडून लोकांना बोट फिरवायला दिलं. सुमारे १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या आणि कोरा पृष्ठभाग यांतला फरक लोकांना कळला. तुमच्या एका शतांशात हे १३ नॅनोमीटर जवळपास पावणेआठशे वेळा बसतील.

फिटर_दादा

पावणेआठशे! पण त्यांना ती "उंची" म्हणून लागली नसणार. सरकताना बोट कसं धरतं, घसट कशी बदलते, ते लागलं असणार. आम्हीपण म्हणतो ना, "हा पीस चिकट लागतोय."

मोजपट्टी

बरोबर, घर्षणाचा त्यात मोठा वाटा होता. कानसेन म्हणतात तीच दुसरी वाट.

रंगारी

डोळ्याचं कुणी काढलं नाही अजून? माझं आयुष्य शेड जुळवण्यात गेलं.

रंगातला जेमतेम कळणारा फरक मोजायचं मोठं काम मॅकअ‍ॅडमने १९४२ मध्ये छापलं. एकच माणूस खुर्चीत बसून दोन रंग जुळवत होता, सुमारे २५,००० वेळा. २५ रंग घेतले होते. प्रत्येक रंगाभोवती "इथवर फरक कळत नाही" अशी हद्द आखली तर ती गोल आली नाही, लंबवर्तुळाकार आली. त्या काळच्या रंगांच्या नकाशावर हिरव्याकडे ही लंबवर्तुळं ऐसपैस आणि निळ्याकडे इवलीशी. त्यातला काही दोष नकाशाचा होता, म्हणून पुढे नकाशेच बदलले. आज आम्ही जो डेल्टा-ई, म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, बघतो तो त्याच खटपटीतून आलेला. डेल्टा-ई १ म्हणजे ढोबळमानाने डोळ्याच्या उंबरठ्यावर.

आता कागद सोडून टेबलावर या. दोन नमुने एकमेकांना खेटून ठेवले, मधली रेघ दिसेनाशी झाली तर जुळले. तेच दोन नमुने बोटभर अंतरावर ठेवा, फरक असला तरी डोळा माफ करतो. एक आज दाखवा आणि एक उद्या, मग तर विचारूच नका. एकदा आमचा लॉट मशीनवर ०.८ ने पास झाला होता आणि गिऱ्हाइकाने परत पाठवला. तिथे गेलो तर त्याने आमचा आणि जुना माल टोकाला टोक लावून खिडकीशी धरला होता. फरक दिसत होता, खोटं कशाला बोला. आमच्या ट्यूबखाली मात्र नव्हता. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी आणलेली एकच शेड एका उजेडात जुळते आणि दुसऱ्यात फाकते, हा मेटामेरिझम. तेव्हापासून लाइट बॉक्समध्ये तीन उजेड बदलून बघितल्याशिवाय सही करत नाही.

शंकासुर

म्हणजे "डोळ्याला किती टक्के कळतं" या प्रश्नाला एक उत्तर नाही, असंच ना?

नभदीप

अगदी. आणि त्याचे दोन आकडे माझ्याकडे आहेत, दोन्ही खरे.

पहिला पिएर बूगेचा, १७६० मध्ये छापलेला. वेबरच्याही आधीचा. पांढऱ्या पडद्यासमोर एक काठी उभी करायची आणि दोन मेणबत्त्या लावायच्या. दूरच्या मेणबत्तीमुळे पडलेली काठीची सावली बघत ती मेणबत्ती मागे मागे न्यायची. सावली फिकट होत जाते आणि एका क्षणी पुसली जाते. दूरची मेणबत्ती जवळचीच्या आठपट अंतरावर गेली की हे घडलं. अंतर आठपट म्हणजे उजेड चौसष्टावा हिस्सा. म्हणजे साधारण दीड टक्का फरक डोळ्याला जेमतेम कळतो.

दुसरा आकडा आम्हा आकाशवेड्यांचा. रूपविकारी (तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजस्वीपणाचं माप, नुसत्या डोळ्यांनी ठरवायची तर शेजारचे दोन स्थिर तारे घ्यायचे, एक थोडा तेजस्वी, एक थोडा मंद, आणि आपला तारा त्यांच्यामध्ये कुठे बसतो ते सांगायचं. सरावलेला निरीक्षक ०.१ प्रतीपर्यंत पोचतो. प्रतींचं माप पॉगसनने १८५६ मध्ये बांधून दिलं, ५ प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट. त्या हिशोबाने ०.१ प्रत म्हणजे जवळपास १० टक्के.

दीड टक्का कुठे आणि दहा कुठे! डोळा तोच. बूगेच्या पडद्यावर उजेड आणि सावली खेटून आहेत, मधे कड आहे. तारे म्हणजे सुटे ठिपके, नजर एकावरून दुसऱ्यावर नेताना पहिला लक्षात ठेवावा लागतो. रंगारींनी सांगितलेली खिडकीची गोष्ट तीच आहे.

दिवसा तारे का दिसत नाहीत याचंही उत्तर यातच आहे. तारा दिवसाही तेवढाच उजेड पाठवतो. पण रात्री काळ्या आकाशात पडलेली ती भर दिवसाच्या उजळ आकाशात टक्क्यांच्या हिशोबात नगण्य होते.

अवांतर: ग्रिनिचच्या वेधशाळेत १७९६ मध्ये तिथले प्रमुख मॅस्केलाइन यांनी किनब्रुक या मदतनिसाला काढून टाकलं. कारण, तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो त्या क्षणाच्या त्याच्या नोंदी साहेबांपेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा येत होत्या. घड्याळाचे ठोके ऐकत ताऱ्यावर नजर ठेवायची, अशी ती पद्धत. पुढे बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं की निरीक्षकांमध्ये असा फरक असतोच, अगदी निष्णातांमध्येही. किनब्रुकला त्याचा काय उपयोग!

अर्धविराम

बिचारा. ०.८ सेकंदाला नोकरी.

अंधारयात्री

फरकांचा फरक म्हणजे "काही नाही" आणि "काहीतरी" यांतला. त्याबद्दल लिहितो.

हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ मध्ये विचारलं की दिसण्यासाठी कमीत कमी किती उजेड लागतो. माणसाला अर्धा तासभर मिट्ट अंधारात बसवलं, मग हिरवट उजेडाची क्षणभर लकेर. डोळ्याच्या पृष्ठभागावर ५४ ते १४८ फोटॉन (उजेडाचे सुटे कण) पडले की लकेर दिसायची. वाटेत बरेचसे गळतात. दृष्टिपटलात शोषले जातात ते ५ ते १४. आणि हे पाच-चौदा मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे ५०० दंडपेशींवर विखुरलेले, म्हणजे एकाच पेशीवर दोन पडण्याची शक्यता फारच कमी. तेव्हा एकेक पेशी एकेका फोटॉनला जागी होत असणार, हा निष्कर्ष त्यांनी काढला, पेशीला हात न लावता, नुसत्या "दिसलं/नाही दिसलं" या उत्तरांवरून. मला हा तर्क फार देखणा वाटतो.

मग २०१६ मध्ये खरोखर एकेक फोटॉन सोडून पाहिला गेला. दोन क्षणांपैकी कुठल्या क्षणी फोटॉन आला, एवढंच सांगायचं. बरोबर उत्तरं ५१.६ टक्के.

शंकासुर

हा हा. ५१.६! माझा अंदाज डोळे मिटूनही याच्या जवळपास येतो.

अंधारयात्री

हसा, पण खेपा हजारोंनी होत्या. आणि प्रत्येक उत्तराबरोबर "किती खात्री वाटते" हेही विचारलं होतं. ज्या वेळी माणसाला खात्री वाटली फक्त तेवढ्या खेपा घेतल्या तर बरोबर उत्तरं ६० टक्क्यांच्या आसपास गेली. आत काहीतरी पोचत होतं.

मोजपट्टी

@अंधारयात्री, इथेच माझा प्रश्न येऊन भिडतो. शोधता शोधता एक जुनं प्रकरण सापडलं, ते सगळ्यांसाठी टाकतो.

वेबरनंतर लाइपझिगलाच फेक्नर झाला. मूळचा भौतिकवाला, डोळ्यांवरच्या प्रयोगांपायी सूर्याकडे बघून बघून दृष्टी जवळजवळ घालवून बसला, काही वर्षं अंधाऱ्या खोलीत काढली, मग सावरला. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याला सुचलं की जेमतेम कळणारा फरक हीच संवेदनेची मोजपट्टी करता येईल. (माझा आयडी त्यावरून नाही, योगायोग.) उद्दीपन पटीने वाढतं, संवेदना पायरीपायरीने. १८६० मध्ये त्याचा ग्रंथ आला. पुढे स्टीव्हन्सने या सूत्रावर बरीच टीका केली, ती आत्ता बाजूला ठेवू.

फेक्नरच्या मते उंबरठा असतो. त्याच्या खालचा फरक जाणिवेत येत नाही. अमेरिकेत चार्ल्स पर्स आणि त्याचा विद्यार्थी जोसेफ जॅस्ट्रो यांना हे पटलं नाही. १८८४ मध्ये त्यांनी वजनांचाच प्रयोग मांडला. कुठलं वजन आधी येणार हे पत्ते पिसून ठरवलं. उत्तर देणाऱ्याने खात्रीही सांगायची, ० ते ३. शून्य म्हणजे "मला काडीमात्र फरक वाटत नाही, पण तुम्ही म्हणता म्हणून अंदाज करतो." आणि शून्य खात्रीच्या उत्तरांतही बरोबर उत्तरं निम्म्याहून स्पष्टपणे जास्त आली. त्यांचं म्हणणं असं की उंबरठा म्हणून असं काही नाहीच. फरक लहान होत जाईल तशी चूक वाढत जाते, बस्स.

आज प्रयोगांत "७५ टक्के वेळा बरोबर" वगैरे रेघ मारून उंबरठा ठरवतात ती सोयीसाठी. ७४ टक्क्यांना दार बंद होत नाही.

आणि आता माझा अहवाल. क्रम नाण्याने ठरवला, एकच हात वापरला, चार रात्री बसलो. "वाटलं" त्या खेपा सोडून देऊन फक्त ठोकून दिलेल्या मोजल्या. १२० पैकी ७४ बरोबर. शंकासुर, करा हिशोब.

शंकासुर

केला. नुसत्या नाण्याने १२० पैकी ७४ किंवा जास्त यायची शक्यता १ टक्क्याच्याही खाली. हे मी फाशावर ढकलू शकत नाही.

पण एक विचारतो. बाटल्या मांडणाऱ्या लेकीला माहीत असतं का, जड कुठली?

मोजपट्टी

माहीत असतं. जड बाटलीच्या तळाला खूण आहे, ती बघूनच मांडते. पण ती एक शब्द बोलत नाही आणि माझे डोळे मिटलेले असतात.

शंकासुर

हान्स घोडा आठवा. शतकापूर्वी बर्लिनमध्ये गणितं सोडवायचा, टापा आपटून उत्तर द्यायचा. मालक प्रामाणिक होता, लबाडी नव्हती. १९०७ मध्ये फुंग्स्टने दाखवलं की विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं, त्याला स्वतःला न कळता. घोड्याने बारीक फरक टिपला होता हे खरंच, फक्त तो गणितातला नव्हता.

तुम्ही घोडा आहात असं म्हणत नाही. लेकीला विचारून बघा, ती बाटल्या कशा मांडते.

कानसेन

@शंकासुर, हेच लिहायला आलो होतो. डोळे मिटलेत, कान नाहीत.

मोजपट्टी

विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं काही फरक पडत नाही." मग करून दाखवायला सांगितलं.

समोर बसून उघड्या डोळ्यांनी बघितलं. ती दोन्ही बाटल्यांचे तळ बघते, खुणेची बाटली हातात असते ती तिच्या जागी ठेवते, मग दुसरी ठेवते. दर वेळी खुणेचीच आधी. म्हणजे टेबलावर दोन ठक् वाजतात आणि पहिला ठक् नेहमी जड बाटलीच्या बाजूने येतो. डावीकडून ठक् आधी, तर जड डावी.

चार रात्री मी हे ऐकत होतो आणि शपथेवर सांगतो, एकदाही "ऐकलं" नाही. माझ्या लेखी मी हाताकडे लक्ष देऊन बसलो होतो.

कानसेन

मायक्रोसेकंद कशाला, तुम्हाला अख्खा सेकंद मिळत होता!

फिटर_दादा

हात सुटला, कान अडकला.

पण धागा सोडू नका. टेबलावर टॉवेलची घडी टाका, आवाज मरेल. आणि मांडणाऱ्याला खूण दिसता कामा नये.

रंगारी

आणि जमल्यास बाटल्यांची झाकणं तपासा. पोत वेगळा असला तर बोट तेही उचलेल. आमच्याकडे नमुन्याच्या मागच्या चिठ्ठीवरून लोक शेड ओळखायचे आणि वर "नजर आहे माझी" म्हणायचे.

मोजपट्टी

झाकणं एकाच बनावटीची आहेत, तरी दोन्हींवर चिकटपट्टी गुंडाळली. टॉवेलची चौघडी. कानात हेडफोन, त्यावर नुसता खरखराट लावला. लेक पाठ करून बाटल्या पिसते, तळ न बघता दोन्ही एकदम ठेवते, आणि मी उत्तर दिल्यावर उलटून खूण बघते. उचलण्याचा क्रम नाण्यावर. आता तिलाही आधी माहीत नसतं.

पाच रात्री लागल्या, कारण दहा मिनिटांत दोघांनाही जांभया येतात. ठोकून दिलेल्या १२० खेपा पुऱ्या झाल्या. बरोबर ६६.

शंकासुर

१२० पैकी ६६ किंवा जास्त, नुसत्या नाण्याने यायची शक्यता साधारण १६ टक्के. सहात एकदा.

आपण पहिल्या रात्रीच्या जागी परत आलो.

अंधारयात्री

६६ म्हणजे ५५ टक्के. फरक खरा असेल तर तो सिद्ध करायला १२० खेपा फार थोड्या आहेत, खोटा असेल तर खोटा ठरवायलाही. ते ५१.६ वाले उगाच हजारो खेपा करत बसले नव्हते.

मोजपट्टी

कळतंय. काही हजार खेपा म्हणजे दिवाळखोरी आहे, पण वही नवीन आणली आहे. फक्त यापुढे भूमिका बदलल्या आहेत. लेकीचं म्हणणं, "तुम्हाला कळत नाही, मला आत्ता उचलतानाच कळतंय." आज रात्रीपासून उचलणार ती, मांडणार मी.

अर्धविराम

मुलीवर १०० टक्के विश्वास. चष्म्याचंही तिलाच विचारायला हवं होतं.